बुधवारच्या चादरी

माणसाने आयुष्यात दोन गोष्टींना चटकन हो म्हणू नये. एक म्हणजे परक्याच्या सामानावर लक्ष ठेवणं आणि दुसरी म्हणजे बहिणीच्या मुलीचा कुठलाही प्रकल्प. पहिलीत फार तर अर्धा तास एका जागी उभं राहावं लागतं. दुसरीत मला स्ट्रेचरवर आडवं व्हावं लागलं, तेही तब्येत ठणठणीत असताना आणि अख्ख्या इमारतीच्या देखत.

माझी भाची हुशार आहे, यात वाद नाही. ती यंत्रांना शिकवते. हे काय असतं ते मी तिला तीनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा मला थोडंफार कळलं. यंत्राला नियम सांगायचा नाही. त्याच्यापुढे उदाहरणांचा ढीग ओतायचा आणि नियम त्याने आपला आपण शोधायचा. आमच्या विमा कचेरीत नव्या माणसाला आम्ही असंच शिकवतो, फक्त आम्ही त्याला शिकवणं म्हणत नाही.

तर एका संध्याकाळी ती दोन खोकी घेऊन घरी आली. एकात कॅमेरा होता, दुसऱ्यात मनगटावर बांधायचा काळा पट्टा. कॅमेरा आमच्या गॅलरीतून खालच्या चौकावर नजर ठेवणार, गाड्यांची कोंडी कधी होते ते शिकणार आणि कोंडी व्हायच्या आतच सिग्नलला सांगणार, की या बाजूचा हिरवा दिवा जरा जास्त वेळ ठेव. पट्टा माणसाची नाडी, झोप, चालणं असं सगळं टिपणार आणि माणूस आजारी पडायच्या आत सांगणार, की हा आता पडणार. पट्ट्याने धोका सांगितला की रुग्णालयातून अँब्युलन्स निघणार आणि सिग्नल तिच्यासाठी रस्ता मोकळा करणार, अशी ही जोडगोळी होती. वाहतूक खात्याने चाचणीला परवानगी दिली होती. जमलं तर शहरभर बसवायचं, नाही जमलं तर तिची चार वर्षांची मेहनत कपाटात जायची. हे सांगताना ती उगाचच हसत होती, त्यावरून मला कळलं की तिला झोप लागत नसणार.

गॅलरी चौकावर आहे म्हणून कॅमेरा आमच्याकडे, हे समजण्यासारखं होतं. पण पट्ट्यासाठी मीच का, असं मी विचारलं. माझी अपेक्षा होती की ती शिस्त, समजूतदारपणा वगैरे काहीतरी म्हणेल.

"मामा, मला अगदी सर्वसाधारण माणूस हवाय," ती म्हणाली. "मध्यम उंची, मध्यम वजन, सगळंच मध्यम. तुझ्याइतकं सर्वसाधारण माझ्या ओळखीत कुणी नाही."

स्वयंपाकघरातून बायको हसल्याचा आवाज आला. मी मनगट पुढे केलं.

कॅमेरा बसवणं हे काम अर्ध्या तासाचं होतं. परवानगीला तीन आठवडे लागले. वाहतूक खात्याचं पत्र होतंच, पण इमारत खात्याच्या खिडकीवरच्या बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, की कॅमेरा गॅलरीच्या कठड्याच्या आत आहे की बाहेर. भाची म्हणाली, कठड्यावर. बाई म्हणाल्या, आत असेल तर ती घरातली वस्तू, बाहेर असेल तर ते बांधकाम, आणि वर असेल तर तशी तरतूद नाही. आम्ही त्यांच्या साहेबांकडे गेलो. साहेबांनी आमचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आम्हाला पुन्हा बाईंकडे पाठवलं. शेवटी कॅमेरा हातभर मागे, कठड्याच्या आत बसवायचं ठरलं. म्हणजे सरकारदरबारी तो आमची फुलदाणी झाला. हे हातभर अंतर पुढे आम्हाला किती महागात पडणार, याची तेव्हा बाईंनाही कल्पना नव्हती.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. आमचे सेक्रेटरी येऊन म्हणाले, की कॅमेरा थोडा तिरका केला तर त्यांच्या जागेवर रोज कोण स्कूटर लावतं तेही कळेल. आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर तर खुर्चीच घेऊन आले. हे मास्तर प्रत्येक वाक्याची सुरुवात 'खरं म्हणजे' अशी करतात आणि त्यापुढे जे बोलतात त्यात खरं फारसं नसतं. त्यांनी जन्मभर मुलांना गणित शिकवलं होतं, त्यामुळे आमच्या घरात कुणी कुणाला तरी शिकवतंय म्हटल्यावर त्यांना वर बसवेना. पहिले काही दिवस ते कॅमेऱ्याशेजारी बसून चौकातली गर्दी तोंडी मोजत होते, त्याला ऐकू जावं म्हणून. भाचीने त्यांना तिथून उठवण्यासाठी, तुलनेकरता म्हणून, दुसरा एक पट्टा त्यांच्या मनगटावर बांधला. मास्तर खूश झाले. माझ्या अधःपाताची सुरुवात तिथे झाली, पण ते नंतर सांगतो. आधी चादरींचं सांगायला हवं.

आमच्या भागात बुधवारी कारखान्यांना सुट्टी असते. कारखाने बंद म्हणून त्या दिवशी आमच्या नळाला पाणी जोरात येतं. पाणी जोरात म्हणून बायको त्या दिवशी चादरी धुते आणि गॅलरीतल्या दोरीवर वाळत घालते. आणि कारखान्यांना सुट्टी म्हणून त्याच दिवशी अर्धं शहर खरेदीला बाहेर पडतं आणि चौकात मुंगीला वाट मिळत नाही. कॅमेरा कठड्यावर असता तर त्याला फक्त चौक दिसला असता. तो हातभर मागे सरकल्यामुळे त्याच्या डोळ्यांसमोर दोरी आली. यंत्राने बरेच बुधवार मन लावून अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला, की चादर दिसली की कोंडी होते.

हे उघडकीला आलं ते एका शुक्रवारी. बायकोची मैत्रीण मुक्कामाला येऊन गेली, म्हणून तिने मधल्या वारी चादरी धुतल्या. चौक मोकळा होता. पण आमच्या बाजूचा सिग्नल जो हिरवा झाला तो लाल व्हायचं नावच घेईना. आडव्या रस्त्यावर गाड्यांची रांग पार पेट्रोल पंपापर्यंत गेली आणि भोंग्यांच्या आवाजात आमच्या खिडकीच्या काचा हलू लागल्या. भाची धावत आली. तिने संगणकावर काय काय पाहिलं, मग दोरीकडे पाहिलं आणि डोक्याला हात लावून खाली बसली.

मास्तर म्हणाले, "खरं म्हणजे ही घोकंपट्टी आहे. माझ्या वर्गात अशी पुष्कळ पोरं होती. उत्तर बरोबर, रीत शून्य." भाची म्हणाली, अगदी हेच झालंय. त्या दिवसापासून मास्तर तिच्या लेखी तज्ज्ञ झाले आणि मला चहा आणायला पाठवलं जाऊ लागलं.

यंत्राचं डोकं ताळ्यावर यायला काही आठवडे लागणार होते, आणि तोवर दोरी रिकामी ठेवणं भाग होतं. पण तेवढ्यात इमारतीला या विद्येची चटक लागली. सकाळी कामावर जायच्या घाईत कुणीतरी जिन्यातूनच ओरडायचं, वहिनी, एक चादर टाका ना, उशीर झालाय. सेक्रेटरींनी तर उशीची खोळ चालेल का, म्हणजे निदान स्कूटरपुरता सिग्नल मिळेल का, अशी चौकशी केली. भाचीने हात जोडून सगळ्यांना सांगितलं, की आता गॅलरीत रुमालसुद्धा वाळत घालू नका. सगळ्यांनी माना डोलावल्या. बायको बुधवारच्या ओल्या चादरी बादलीत घालून चार जिने चढून गच्चीवर नेऊ लागली. लिफ्ट आमच्याकडे आहे, पण ती चालू असण्यापेक्षा तिची दुरुस्ती चालू असण्याचे दिवस जास्त.

आता माझ्या अधःपाताकडे येतो. पट्टा रोज सकाळी तब्येतीचे गुण सांगायचा, शंभरपैकी. मला पहिल्या दिवशी पडले एकेचाळीस. सर्वसाधारण माणसाला एकेचाळीस ठीकच आहेत, असं मी मनाला समजावलं. तेवढ्यात मास्तर जिना उतरून आले आणि त्यांनी न विचारता सांगितलं, की त्यांना अठ्ठ्याहत्तर आहेत. सत्तरी उलटलेला माणूस अठ्ठ्याहत्तर आणि मी एकेचाळीस. मी त्या दिवशी चालत कचेरीत गेलो. दुसऱ्या दिवशी पाय इतके दुखले की दिवसभर खुर्चीतून उठलो नाही, आणि गुण आले एकोणचाळीस. मास्तर म्हणाले, खरं म्हणजे मी पासही करत नसे एवढ्यात. मला अपमान गिळण्याची सवय आहे, त्याशिवाय नोकरी टिकत नाही. पण हा अपमान रोज सकाळी ताजा मिळत होता.

आणि मग ती क्लृप्ती सुचली. सुचली म्हणजे घडली. एकदा अंघोळीला जाताना मी पट्टा काढला आणि बायकोला म्हटलं, जरा हातात घालून ठेव, कुठेतरी ठेवला तर हरवेल. माझी अंघोळ सावकाश असते. तेवढ्या वेळात तिने केर काढला, अंथरुणं उचलली, पाणी भरलं आणि दोनदा खाली जाऊन आली. दुसऱ्या दिवशी माझे गुण त्रेपन्न. मग माझ्या अंघोळी लांबत गेल्या. पुढे पुढे मी पट्टा पेपर वाचतानाही काढायचो, दाढी करतानाही काढायचो, आणि ती तो मुकाट्याने मनगटात अडकवून कामाला लागायची. ही फसवणूक आहे असं माझ्या मनात एकदोनदा आलं. पण एका घरातली दोन माणसं म्हणजे एकच संसार, मग गुण कुणाच्या का मनगटावर पडेनात, असा युक्तिवाद मी स्वतःशी केला आणि तो मला बिनतोड वाटला.

चौऱ्याऐंशी गुण झाले त्या दिवशी मी मास्तरांच्या दारावरची बेल दोनदा वाजवली. सेक्रेटरींनी इमारतीच्या सभेत मला आरोग्यावर दोन शब्द बोलायला सांगितलं. मी वीस मिनिटं बोललो. नियमितपणा, संयम आणि लवकर उठणं या तीन गोष्टींवर भर दिला. मागच्या रांगेत बायको बसली होती आणि ऐकता ऐकता तिला डुलकी लागली. मला तेव्हा तिचा थोडा राग आला होता.

मग तो बुधवार उजाडला. मी पट्टा तिच्याकडे दिला, ती चादरींची बादली घेऊन गच्चीवर गेली आणि मी चहाबरोबर चौथं बिस्कीट खात होतो. खालून भोंगा ऐकू आला. बुधवारची गर्दी असून एक अँब्युलन्स सुसाट आमच्या फाटकात शिरली. मला मनापासून कौतुक वाटलं. कुणाचं काय झालंय ते पाहायला मी गॅलरीत गेलो, तेवढ्यात दार वाजलं आणि दोन दणकट माणसांनी मला नाव विचारून उचललंच.

मी त्यांना सांगत होतो की मला काही झालेलं नाही. ते म्हणाले, सगळे असंच म्हणतात. त्याच वेळी बायको गच्चीवरून धापा टाकत खाली आली, मला स्ट्रेचरवर पाहून पांढरीफटक पडली, आणि मग पुढे होऊन तिने आपल्या मनगटावरचा पट्टा काढून गुपचूप माझ्या मनगटावर चढवला. मला वाटलं, काय प्रसंगावधान आहे. चार जिने मी आडवा उतरलो. प्रत्येक मजल्यावर दारं उघडली. एका आजीबाईंनी तर, बोलत होता हो परवाच सभेत, असं म्हणून डोळ्याला पदर लावला.

रुग्णालय चौकाच्या पलीकडेच आहे. सिग्नल हिरवा होता, रस्ता मोकळा होता, यंत्रणेने आपलं काम चोख बजावलं. डॉक्टरांनी मला सर्व बाजूंनी तपासलं, तारा लावल्या, एक पायरी चढायला-उतरायला लावली आणि शेवटी म्हणाले, हृदय उत्तम आहे, बिस्किटं कमी करा. वाहतूक खात्याचे साहेब तिथेच उभे होते, पहिली अँब्युलन्स निघाल्याचं कळताच ती कशी पोचते ते पाहायला मुद्दाम आलेले. त्यांनी घड्याळात पाहिलं आणि भाचीला बाजूला घेऊन सांगितलं, की ऐन गर्दीत अर्धं शहर थांबवून तुमच्या यंत्राने एका धडधाकट माणसाला उचलून आणलं. पट्ट्याचं ऐकणं आत्तापासून बंद. कॅमेऱ्याची तार उद्या सकाळी माणूस येऊन काढून नेईल.

दुपारी भाची आमच्या स्वयंपाकघरात बसली होती. रडत नव्हती, पण पेल्यातलं पाणी नुसतं गोल फिरवत होती. "चादरींची चूक मला कळली होती, मामा. ती सुधारता आली असती," ती म्हणाली. "ही चूक कुठे आहे तेच कळत नाहीये. ठोके मध्येच चुकतायत, चढताना तर फारच. इतकं स्वच्छ दिसतंय. आणि तुझ्या छातीत तर काहीच नाही." मास्तर समाचाराला आले होते. ते म्हणाले, खरं म्हणजे यंत्राला माणूस कळत नाही.

मला चूक कुठे आहे ते ठाऊक होतं. पण तोंड उघडलं असतं तर चौऱ्याऐंशी गुण गेले असते, सभेतलं भाषण गेलं असतं आणि समोर साक्षात मास्तर बसले होते. मी मनात म्हटलं, मास्तर गेले की सांगू. मास्तर जाईनात. मग मी म्हटलं, रात्री सांगू, फोनवर सांगू, पत्र लिहू. माणूस स्वतःची लाज झाकायला किती तऱ्हा शोधतो ते त्या दुपारी मला चांगलं कळलं.

तेवढ्यात बायको वाळलेल्या चादरी घेऊन गच्चीवरून खाली आली. दार उघडंच होतं. जिन्याच्या शेवटच्या पायऱ्यांवर ती थांबली, चादरींचं गाठोडं कठड्यावर टेकवलं आणि एका हाताने कठडा घट्ट धरून डोळे मिटून उभी राहिली. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले, पदर सारखा केला आणि काहीच न झाल्यासारखी आत येऊन चादरींच्या घड्या घालायला बसली.

यंत्र खोटं बोललं नव्हतं. एवढा वेळ मी फक्त माझ्या हातात पट्टा नव्हता एवढाच विचार करत होतो. तो कुणाच्या हातात होता, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

"पट्टा माझ्या हातात नव्हता," मी म्हणालो. "आज सकाळी नव्हता. गेला महिनाभर सकाळी कधीच नव्हता. हिच्या हातात होता."

भाचीने पेला खाली ठेवला. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही, मामीकडे पाहिलं. मास्तरांनी तोंड उघडलं आणि प्रथमच 'खरं म्हणजे' न म्हणता मिटलं.

रुग्णालयात फोन लावला तर तिकडून सांगितलं, की या पत्त्यावर आज पुन्हा गाडी पाठवायला खात्याची मनाई आहे. मास्तरांनी त्यांच्या गाडीची किल्ली काढून दिली. बायको म्हणत होती, काय नाटक लावलंय, आत्ताच तर घड्या घातल्यात, कणीक मळून ठेवलीय. गॅलरीतून खाली पाहिलं तर चौकात बुधवार ऐन भरात आला होता आणि आमच्या बाजूचा सिग्नल लाल होऊन बसला होता. भाची क्षणभर कॅमेऱ्याकडे पाहत राहिली.

"पट्ट्याचं ऐकणं बंद केलंय त्यांनी. कॅमेऱ्याचं उद्यापर्यंत चालू आहे," ती म्हणाली. "मास्तर, चादरी घाला. आहेत तेवढ्या सगळ्या."

यंत्राच्या डोक्यातून चादर काढायला जिने महिनाभर जिवाचं रान केलं, पण जिला ती अजून पुरती काढता आली नव्हती, तिच्याच तोंडचे हे शब्द. आम्ही तिघं जिना उतरत होतो तेव्हा मास्तर वरून, जिन्याच्या कठड्यावर वाकून, सगळ्या मजल्यांना ओरडून सांगत होते आणि दारं पुन्हा उघडत होती. गाडी फाटकाबाहेर काढताना मी वर पाहिलं. आमच्या गॅलरीत दोरी कुठे दिसतच नव्हती. चादरी होत्या, पडदे होते, टेबलक्लॉथ होते, सेक्रेटरींचा पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा होता. दोरी तुटू नये म्हणून दोन माणसं दोन टोकांना ती धरून उभी होती आणि मास्तर मधोमध उभे राहून दोन्ही हातांनी एक दुलई फडकवत होते. सिग्नल हिरवा झाला. पुढच्या गाड्या हलल्या, त्यामागच्या हलल्या, आणि आम्ही चौक पार करून पलीकडे गेलो तरी तो हिरवाच होता. बायको मागे वळून पाहत होती. "त्यांना सांगा, ती निळी चादर रंग सोडते," ती म्हणाली.

सकाळचेच डॉक्टर होते. मला पाहून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मी म्हटलं, मी नाही, ही. त्यांनी तिला झोपवलं, तारा लावल्या, आणि कागदाची पट्टी बाहेर येऊ लागली तशा त्यांच्या आठ्या बदलल्या. त्यांनी विचारलं, धाप कधीपासून लागते. ती म्हणाली, झाले दोन-तीन महिने, वयाने लागत असेल.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सकाळी उठलं की तुम्ही तुमचे गुण सांगायचात," ती म्हणाली. "मग माझं राहून जायचं." तक्रारीचा सूर नव्हता. असता तर बरं झालं असतं.

ठोक्यांचा ताल बिघडला होता. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, औषधाने ताळ्यावर येईल, चार दिवस इथे आणि मग महिनाभर पूर्ण विश्रांती. आणखी काही महिने असंच रेटलं असतं, ते पुढे म्हणाले, तर मात्र मी एवढ्या सहज बोललो नसतो. मी बाहेर येऊन बाकावर बसलो. भाची शेजारी येऊन बसली आणि तिने माझा हात धरला. ती रागावली नाही याचंच मला जास्त वाईट वाटलं.

वाहतूक खात्यापुढे मी स्वतः गेलो. साहेब, त्यांचे दोन सहकारी आणि टिपणं घेणारे एक गृहस्थ अशा चौघांसमोर मी सांगितलं, की यंत्र बरोबर होतं, माणूस लबाड होता. साहेबांनी ते पुन्हा एकदा सावकाश सांगायला लावलं, कारण टिपणं घेणाऱ्या गृहस्थांचं 'लबाड' राहून गेलं होतं. मग त्यांनी विचारलं, की अशी लबाडी इतर लोक करतील का. मी म्हटलं, साहेब, मी अगदी सर्वसाधारण माणूस आहे, मी केली म्हणजे सगळे करतील. साहेब पहिल्यांदाच हसले. चाचणीला मुदतवाढ मिळाली. कॅमेरा कठड्यावर हलवायला इमारत खात्याने विशेष तरतूद केली. बाईंनी पत्रावर शिक्का मारताना सांगितलं, की आता तो फुलदाणी राहिला नाही, तेव्हा पाणी घालू नका. चाचणीत नव्याने घेतलेल्या दोनशे घरांना मास्तर यंत्रशिक्षणावर व्याख्यान देऊन आले. माझ्या जागी भाचीने आमच्या कचेरीतल्या एका माणसाला पट्टा बांधला आहे. तो माझ्याहून सर्वसाधारण आहे, असं ती म्हणते.

बायको घरी आल्यावर मी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. ताबा हा शब्द मोठा आहे. चहा आणि भात. ती दाराशी खुर्ची टाकून बसली होती. तिच्या मनगटावर आता तिचा स्वतःचा पट्टा होता. दूध तापत ठेवून मी तिला खात्यातली सगळी हकीकत सांगितली, लबाड या शब्दासकट. म्हटलं, तुला फसवून तुझ्या कष्टांचे गुण मी खाल्ले, ते एकदा तुझ्यासमोरही कबूल करायला हवं.

"फसवून कसलं," ती म्हणाली. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एवढा वेळ कुणी अंघोळ करतं का?"

"मग घालायचीस कशाला?"

ती पट्ट्याशी चाळा करत राहिली. "मास्तरांच्या पुढे गेलात की दिवसभर शीळ घालायचात. कितीतरी वर्षांत ऐकली नव्हती तुमची शीळ. म्हणून मग कधी कधी मी गच्चीवर दोनदा जायची. एकदा चादरी घेऊन, आणि एकदा नुसतीच."

मी तोंड फिरवून भिंतीकडे पाहू लागलो, कारण भिंतीकडे पाहण्यासारखं तिथे काहीतरी आहे असं मला दाखवायचं होतं.

"डोळे मागाहून पुसा," ती म्हणाली. "दूध उतू जातंय."

दूध तोवर गेलं होतं. मी गॅस बंद केला, फडकं घेतलं आणि ओटा पुसू लागलो. मी फडकं कुठेही कसंही फिरवत होतो, दूध पुसलं जाण्याऐवजी पसरत होतं, आणि ती ते सगळं बघत खुर्चीत बसून राहिली. उठली नाही.